रिकाम्या खोक्यांचा डोंगर

२ डिसेंबर

प्रिय दोन ओळीवाली,

तुझं कार्ड मिळालं. 'फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. सांगायचं ते लिही, लिहिताना ओरडता येत नाही.' येतं. अक्षर मोठं काढलं की झालं. पण एवढ्या महिन्यांनी तुझ्याकडून काहीतरी आलंय, म्हणून अक्षर बारीक काढतो.

मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. इथल्या पाच मजली दुकानात तळमजल्यावर भेटवस्तू बांधून देण्याचं टेबल आहे, त्यामागे मी उभा असतो. नाताळापुरती जादा माणसं घेतात, त्यात माझी वर्णी लागली. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "एवढं शिकून शेवटी पुड्या बांधायला लागलास." मी म्हटलं, "पुड्या नाही, खोके." त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी म्हणाली, "जेवतोस ना वेळेवर?" संपलं संभाषण.

काम म्हणजे खोक्याच्या अंदाजाने कागद कापायचा, घड्या नखाने दाबायच्या, फीत चारी बाजूंनी घेऊन वर गाठ मारायची आणि फितीची टोकं कात्रीच्या पात्यावरून खसकन ओढायची. ओढली की ती कुरळी होतात. ते मला पहिल्याच दिवशी जमलं. घड्या अजून वेड्यावाकड्या येतात. डोक्यावर भोंग्यातून नाताळाची तीच ती गाणी फिरून फिरून वाजतात. आमच्या साहेबांचं नाव मी घाईसाहेब ठेवलंय, कारण ते घाई नसतानाही घाईतच असतात. जिन्यावरून उतरताना खालच्या पायरीला म्हणतात, "चला, चला."

गिऱ्हाइकं बघण्यासारखी असतात. काल एक गृहस्थ छोटी अंगठी घेऊन आले आणि म्हणाले, "मोठ्या खोक्यात घाला, एवढ्याशा डबीत दिली तर ती काय म्हणेल?" मी घातली. मग त्यांनाच ती डबी खोक्यात सापडेना.

आता मुद्द्याचं. मी कॉलेज तुझ्यासाठी सोडलं नाही, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे तुला उपकार वाटायला नको. त्या सरांनी तुझा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर चढवला, हे खरं. प्रयोगशाळेच्या दाराची काच माझ्या हाताने फुटली, हेही खरं. तू म्हणालीस, "मी तुला सांगितलं होतं का? आता माझ्या तक्रारीबद्दल कोणी बोलणार नाही, सगळे काचेबद्दल बोलतील." आणि सगळे काचेबद्दलच बोलले. त्यानंतर त्या वर्गात बसायचं म्हणजे रोज तुझी पाठ बघायची. त्यापेक्षा पुड्या बऱ्या.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तुझा
भडकू

९ डिसेंबर

प्रिय दोन ओळीवाली,

या वेळी तीन ओळी आल्या. प्रगती आहे.

'तिथे नाताळ कसा आहे' असं विचारलंस. नाताळ कुठे आहे ते मलाही अजून दिसलेलं नाही. गर्दी आहे, त्यामुळे तोही जवळपासच असावा. माणसं आत येतात तीच कपाळावर आठ्या घेऊन. नवरा विचारतो, "तुझ्या आत्याला काय द्यायचं?" बायको म्हणते, "गेल्या वर्षी तिने आपल्याला काय दिलं होतं, त्याच्यापेक्षा कमी नको." मग दोघं मेणबत्त्यांच्या कपाटासमोर भांडतात आणि दहा मिनिटांनी माझ्यापुढे एक फुलदाणी येऊन आदळते. "जरा छान बांधा हं, प्रेमाने दिल्यासारखं वाटलं पाहिजे." मी फीत जास्त कुरळी करतो. आणखी काय करणार?

सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी आमचा डोंगर आहे. लाल कागदात बांधलेले शेकडो खोके एकावर एक रचून पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत नेलेत. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. ते सगळे खोके रिकामे आहेत. सजावटीच्या काकू त्यांना 'पोकळ्या' म्हणतात. "दोन पोकळ्या दे रे, मुलांनी खालच्या फोडल्या," असं म्हणून माझ्या टेबलाखालच्या फळीवरून नेतात. टेबल रिकामं असलं की मी पोकळ्या बांधून तिथे ठेवायच्या, अशी पद्धत आहे. खरे खोके वरच्या फळीवर, पोकळ्या खालच्या. यात चूक झाली तर कोणाच्या तरी आत्याला हवा भेट मिळेल.

काकू दुकानात माझ्या जन्माआधीपासून असाव्यात. तोंडात सतत टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं अर्धं कळतं. परवा मी एका गिऱ्हाइकाशी वाद घातला, तर टाचण्या न काढता म्हणाल्या, "तुला भांडायचा पगार वेगळा मिळतो का?"

सहज विचारतो, तुझ्या आईचा तो खाकी स्वेटर तू अजून घालतेस का? कोपराला ठिगळ असलेला. वरच्या मजल्यावर एक स्कार्फ आहे. निळा, पण शाईसारखा नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आकाश असतं तसा. मी जेवणाच्या सुट्टीत कधीकधी बघायला जातो. तिथली विक्रेती आता मला बघून हसते. जळू नकोस. तिला वाटतं मी कपड्यांचा जाणकार आहे.

तुझा
भडकू

१७ डिसेंबर

तुझं कार्ड मिळालं. मायना लिहीत नाही, कारण डोकं फिरलंय.

'२४ ला घरी जातेय. बस तुझ्या गावात दुपारी पाऊण तास थांबते. स्टँडवर ये. काही आणू नकोस. आणलंस तर बसमधून उतरणार नाही.'

पहिल्या तीन वाक्यांवर मी खोलीत उभा राहिलो. पुढची दोन वाचून परत बसलो. म्हणजे काय? मी काय दरोडा घालून आणणार होतो? अख्खं गाव हातात पिशव्या घेऊन फिरतंय. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्यालाही लोक काहीतरी देतायत, ते मीच बांधून देतोय, आणि मी एकट्याने तुझ्यासमोर हात हलवत यायचं? मी कोणी परका आहे का? की मी दिलेलं तुला नको, दुसऱ्याने दिलेलं चालतं? नाटकात काम करणारा तो लांब केसांचा अजून तुझ्या मागच्या बाकावर बसतो का? त्याने दिलेला पेन तू घेतला होतास. मी बघितलं होतं.

हे सगळं फोनवर बोललो असतो तर खालच्या लाँड्रीवाल्याने वर येऊन विचारलं असतं काय झालं म्हणून. म्हणजे तू म्हणालीस ते बरोबर. लिहिताना आवाज होत नाही.

पत्र टाकतोय. नाही टाकलं तर उद्या फाडेन.

२० डिसेंबर

प्रिय दोन ओळीवाली,

१७ चं पत्र मिळालं असेल तर वाचू नकोस. वाचलं असशील तर पेनवाला भाग सोडून दे.

ठीक आहे. तू म्हणशील तसं. काही आणणार नाही. घाईसाहेबांकडून चोविसाव्या तारखेला दुपारी एक तासाची सुट्टी घेतली आहे. त्यांनी असा चेहरा केला की मी जणू त्यांची किडनी मागितली.

स्टँडवर चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर असेन.

भडकू

२६ डिसेंबर

प्रिय,

बस वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. तू बघितलं नाहीस, तू खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसली होतीस. मी रिकाम्या खिडकीला हात केला. आतल्या एका आजोबांनी मला हात केला.

घरी नीट पोचली असशील. इकडे काल सगळं बंद होतं. रस्ता इतका मोकळा की लाँड्रीवाला मधोमध खुर्ची टाकून पेपर वाचत होता. भोंगे बंद. आपल्या कानाला किती सवय झाली होती, ते त्या शांततेत कळलं. मी बारापर्यंत झोपलो आणि मग उगाच चालून आलो.

तू विचारलंस, हाताला काय लागलंय. तेव्हा म्हटलं, कात्री लागली. खरं म्हणजे तार लागली. तेवीस तारखेला ऐन गर्दीत एका मूर्खाने डोंगर पाडला. खोक्यांना आतून तार असते, एक ओढला की शेजारचे चार येतात. अर्धी बाजू घसरली आणि पोकळ्या जिन्याखाली गडगडत गेल्या. एका छोट्या मुलीने एक उचलून हलवली. मोठ्याने म्हणाली, "आई, यात काहीच नाहीये." सगळे थांबले. गाणी चालूच. मुलीने दुसरी हलवली. "यातपण नाही." तेवढ्यात काकू आल्या, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "नाही गं बाळा. या सगळ्या रिकाम्याच आहेत. भरलेले खोके लोक घरी नेतात." मुलीला ते पटलं. तिने दोन्ही पोकळ्या काकूंच्या हातात दिल्या आणि आईला घेऊन गेली.

मग डोंगर परत रचायचं काम माझ्याकडे आलं. घाईसाहेबांनी भोवती दोरी बांधली आणि काकूंना आणि मला आत बसवलं. संध्याकाळच्या आत उभा राहिला नाही तर उद्याची सुट्टी विसरा, म्हणाले. म्हणजे डोंगर नाही तर तू नाही.

खोटं वाटेल, पण दोरीच्या आत मला फार बरं वाटलं. चारी बाजूंनी पाय चाललेले, पिशव्या चाललेल्या, कोणी कोणावर खेकसतंय, आणि आम्ही दोघं फरशीवर मांडी घालून फाटलेला कागद सरळ करतोय. कोणी आमच्याकडे काही मागत नव्हतं. दोरी म्हणजे काय, सुतळीच. पण ओलांडून कोणी येत नाही. मी काकूंना विचारलं, तुमच्या घरी तर मोठी सजावट असेल. म्हणाल्या, "घरी? टेबल पुसते आणि मेणबत्ती लावते. आमचे हे सूप गरम करतात. शेजारीण येते, तिला गाणं येतं, पण दोन ओळींच्या पुढे येत नाही. मग तिथेच थांबतो आणि गप्प बसतो."

"गप्प बसून काय करता?"

"गप्प बसतो म्हटलं ना. त्याच्यात करायचं काय असतं?"

डोंगर उभा राहिला, आधीपेक्षा थोडा वाकडा. दुसऱ्या दिवशी काकू माझ्या जागी टेबलामागे उभ्या राहिल्या आणि मी पळालो.

तू बसमधून उतरलीस. आधी माझ्या हाताकडे बघितलंस, मग मागे, मग बाकाखालीसुद्धा वाकून बघितलंस. आणि म्हणालीस, "खरंच काही आणलं नाहीस. पहिल्यांदा ऐकलंस माझं." मग डबा उघडलास. पाव, एक उकडलेलं अंडं, एक संत्रं. अंडं दोऱ्याने कापून अर्धं मला दिलंस. मी इतकं काही ठरवून आलो होतो, सरांचं, काचेचं, पुढे काय करायचं त्याचं. आणि तू संत्र्याची साल बाकावर ठेवलीस, माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस आणि झोपलीस. चक्क झोपलीस. रात्रभर प्रवास केलेला. मी हललो नाही. समोर लोक बसवर पेटारे चढवत होते, एक माणूस नातवासाठी कागदात गुंडाळलेली सायकल कशी न्यायची यावरून कंडक्टरशी भांडत होता. तुझ्या स्वेटरचं ठिगळ माझ्या मनगटाला लागत होतं. मला वाटलं, हेच ते. गप्प बसतात म्हणजे हे करतात.

तुला उठवायची वेळ झाली तेव्हा मी तुला उठवलं. एवढंच.

तुझा
भडकू

५ जानेवारी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पत्र, कार्ड नाही. पूर्ण पान. 'बाकावर मला तुझी पहिल्यांदा भीती वाटली नाही. तू काही आणलं असतंस तर त्याचं ओझं घेऊन मी परत बसमध्ये चढले असते. मी मागितलं नव्हतं आणि तू आणलं नाहीस, एवढ्यावरून मला कळलं की तुझ्यापर्यंत माझं बोलणं पोचतं. परीक्षा झाली की चार दिवस येते.'

हे पान मी खिशात ठेवून फिरतोय आणि चालताना ते टोचतंय. म्हणून लिहितो.

डोंगर पाडणारा मूर्ख मी होतो.

तो निळा स्कार्फ मी एकोणिसाव्या तारखेलाच घेतला होता. वीस तारखेला तुला 'काही आणणार नाही' असं लिहिलं, तेव्हा तो खोलीत उशीखाली होता. मी ठरवलं होतं की बस सुटता सुटता खिडकीतून आत टाकायचा, म्हणजे तुला परत देता येणार नाही. बांधायला घरी कागद नव्हता, म्हणून बावीस तारखेला दुकानात डोंगराच्याच लाल कागदात बांधला. घाईसाहेब आले, मी खोका पटकन फळीवर सरकवला. खालच्या फळीवर. आणि दुपारी जेवायला गेलो. तेवढ्यात कोणाच्या तरी मुलाने डोंगराचा कोपरा फोडला आणि काकू येऊन दोन पोकळ्या घेऊन गेल्या. त्यातली एक पोकळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं. काकूंना विचारलं, कुठे लावलात? त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? पोकळीला कोणी नाव घालतं का?" मी म्हटलं, उतरवून बघूया. म्हणाल्या, सव्वीसनंतर. आणि मग माझं जे व्हायचं ते झालं. मी डोक्यात राख घालून जिन्याच्या कठड्यावरून खोके ओढायला लागलो. फोडत होतो, आत बघत होतो, फेकत होतो. त्या मुलीसमोर मीच फोडत होतो. तुला सांगताना मी ते दुसऱ्याच्या अंगावर घातलं. काकूंनी मनगट धरलं म्हणून थांबलो, नाहीतर सगळे फोडले असते. दोरीच्या आत बसल्यावरही पहिला तासभर मी प्रत्येक खोका हलवून बघत होतो. मग लाल कागद संपत आला आणि काकू म्हणाल्या, "आता जो फोडशील तो उघडाच राहील. आणि उद्याची सुट्टी पण." तेव्हा सोडलं. तिथून पुढे जे बरं वाटलं असं मी लिहिलं होतं, ते खरं आहे. पण ते हरल्यावर बरं वाटलं, आपण होऊन नाही.

म्हणजे बाकाखाली वाकून बघितलंस तेव्हा मी तुझं ऐकलेलं नव्हतं. मला फक्त सापडलं नव्हतं. तू 'पहिल्यांदा ऐकलंस' म्हणालीस आणि मी गप्प राहिलो. अंडं खाल्लं.

दोन तारखेला डोंगर उतरवला. काकूंनी एका खोक्याची फीत बघितली आणि म्हणाल्या, "ही तुझी असणार. पोकळीसाठी एवढी कुरळी कोण करतं?" तो मधल्या रांगेत होता. तेवीसला माझा हात त्याच्यापासून वीतभर होता. मी म्हटलं, तुम्हीच घ्या. त्यांनी गळ्याभोवती धरून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "नको रे बाबा. रेशमाने मला खाज येते."

मग मी परत करायच्या रांगेत उभा राहिलो. ती रांग तुला दाखवायला हवी होती. घेताना जेवढी होती तेवढीच, जिन्याच्या वळणापर्यंत. सगळ्यांच्या हातात मीच बांधलेले खोके, माझ्याच घड्या, कडेने उचकटलेल्या. एकाच्या हातात ती फुलदाणी होती, शपथ. कोणाच्या कपाळावर आठ्या नव्हत्या मात्र. घेताना होत्या, देताना नव्हत्या. माझी पाळी आली तेव्हा वरच्या मजल्यावरची तीच विक्रेती खिडकीत होती. म्हणाली, "अरे, तुम्ही? रंग नाही आवडला त्यांना?" मी म्हटलं, रंग चांगलाय. "मग लांबी?" लांबी पण चांगलीय. "मग कारण काय लिहू?" मागचा माणूस म्हणाला, "लवकर सांगा हो." मी म्हटलं, तिने मागितला नव्हता. विक्रेतीने माझ्याकडे बघितलं आणि 'इतर' लिहिलं.

माझी नोकरी एकतीसला संपणार होती. काकूंनी घाईसाहेबांना सांगून मार्चपर्यंत वाढवून घेतली आहे. सगळ्या पोकळ्या गुदामात नीट रचायच्या आहेत, पुढच्या नाताळासाठी. गुदामात भोंगा नाही. मी आणि काकू दुपारी दोन दोन तास काम करतो आणि एक अक्षर बोलत नाही. दादाला सांगितलं तर म्हणाला, "तू? गप्प?" आणि या वेळी त्याने फोन वहिनीकडे दिला नाही. कॉलेजला परत जाणार का, असं विचारलं. माहीत नाही म्हटलं. खरोखरच माहीत नाही.

आता तुझ्या पानाचं. ज्या गोष्टीवरून तू 'येते' लिहिलंस ती घडलीच नव्हती, हे तुला कळल्यावर तू काय ठरवशील ते तू ठरव. मी फोन करणार नाही, स्टँडवर येऊन बसणार नाही, त्या लांब केसांच्या माणसाबद्दल विचारणार नाही. दोन ओळी आल्या तरी चालतील. 'नाही' एवढंच आलं तरी मी काच फोडणार नाही. इथे दाराला काच नाही, हे एक, आणि फोडणार नाही, हे दुसरं.

पण आलीस, तर बाकावर मी रिकाम्या हाताने बसलेला असेन. या वेळी काही हरवलेलं नसेल.

अंडी मात्र दोन आण. त्या दिवशी मला भूक होती आणि मी बोललो नाही.

तुझा
भडकू